फॉस्फेट : आधी हात आवरा

घरातल्या प्रवाळांच्या टाकीत फॉस्फेट वाढले की टाकी पाळणारा माणूस पहिल्यांदा विचारतो, "आता यात काय टाकू?" दुकानदाराकडे या प्रश्नाची चार-पाच उत्तरे बाटल्यांत भरून तयार असतात. माझ्या मते हा प्रश्नच उलटा आहे. टाकीत जे रोज टाकतो त्यातले काय कमी करू, हे आधी विचारायला हवे. शिवाय फॉस्फेट शून्यावर आणायचे असे ध्येय ठेवले, तर ज्या प्रवाळांसाठी हा खटाटोप चालतो तेच हातचे जातात. या दोन मुद्द्यांवर बाटलीवाल्यांशी आणि माझ्या सख्ख्या भावाशी माझा वाद आहे. तो आज इथे मांडते.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. रसायनशास्त्र माझा विषय नाही. पण धाकटा भाऊ मस्कतला नोकरीला आहे आणि त्याच्या दिवाणखान्यात तीनशे लिटरची रीफ टाकी आहे. खारे पाणी, आत खडक, रंगीत मासे आणि जिवंत प्रवाळे. टाकीचे आकडे तो मला पाठवत असतो, कारण लहानपणी त्याचा गणिताचा अभ्यास मीच तपासायचे. दोन महिन्यांपूर्वी त्याने लिहिले, "आपा, फॉस्फेट ०.३ आलंय. काचेवर, खडकावर, सगळीकडे हिरवं शेवाळ. एक औषध मागवलंय, एका रात्रीत शून्य करतं म्हणतात." ती बाटली उघडू नकोस, असे मी त्याला कळवले. तो चिडला. त्याचे चिडणे समजण्यासारखे आहे. बोटभर तुकड्यापासून पाच वर्षे वाढवलेली प्रवाळे शेवाळाखाली जाताना कुणाला बघवतील?

इथल्या वाचकांसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. प्रवाळ म्हणजे शोभेचा दगड नव्हे. तो लहान लहान प्राण्यांचा समूह असतो आणि चुन्याचा सांगाडा तो स्वतः बांधतो. आपल्या देशात खडक बांधणारी प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याने वाघाच्या रांगेत. ती मालवणला आहेत, तशी मुंबईतही आहेत. कोस्टल रोडच्या कामासाठी हाजी अली आणि वरळीच्या किनाऱ्यावरची प्रवाळे २०२० साली दुसरीकडे हलवावी लागली, तेव्हा त्यासाठीही वन खात्याची परवानगी घ्यावी लागली होती. हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाताना आपण कशाच्या शेजारून चालतो हे आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक असते? तेव्हा हा लेख वाचून कुणी रत्नागिरी-मालवणच्या पाण्यातून तुकडा तोडून आणायचा विचार करू नये. तो कितीही प्रेमाने पाळला तरी गुन्हाच आहे.

आता मूळ विषयाकडे येते. फॉस्फेट म्हणजे फॉस्फरस आणि ऑक्सिजन मिळून झालेले संयुग. शेतकऱ्याला ते परके नाही. डीएपीच्या गोणीवर १८:४६:० असे आकडे छापलेले असतात, त्यातला मधला आकडा फॉस्फेटचा. भाताला त्याने बळ येते, तसेच शेवाळालाही येते. प्रवाळांच्या खडकांभोवतीचे समुद्राचे पाणी बहुधा फार स्वच्छ असते, आणि त्यातले फॉस्फेट लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्याही खाली असते. टाकीत साधारण ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान राहिले तर बहुतेक पाळणारे निश्चिंत असतात. हे आकडे किती लहान आहेत ते लक्षात घ्या. तीनशे लिटर पाण्यात फॉस्फेट ०.१ ने वाढायला डीएपीचे दोन-तीन दाणे पुरतात.

वाढलेले फॉस्फेट दोन तऱ्हांनी नुकसान करते. एक तर शेवाळ माजते, प्रवाळावर चढते आणि त्याचा प्रकाश अडवते. दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. चुन्याचे स्फटिक जिथे तयार होतात तिथे फॉस्फेट चिकटते आणि त्यांची वाढ अडते, म्हणजे सांगाडा बांधण्याचे कामच मंदावते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर वन ट्री आयलंड नावाचे बेट आहे. तिथल्या खडकाच्या एका भागावर शास्त्रज्ञांनी मुद्दाम नायट्रोजन आणि फॉस्फरस सोडून पाहिले. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चुना बांधण्याचा वेग मोठ्या प्रमाणात घटलेला आढळला. तेव्हा भावाची काळजी खोटी नव्हती. वाद उपायाबद्दल होता.

मी त्याला पहिला प्रश्न विचारला, "खाद्य किती घालतोस?" उत्तर आले, "चिमूटभर." शिक्षकाला असले उत्तर चालत नाही. मी त्याला सोने तोलतात तसला छोटा काटा आणायला सांगितला. दिवसभरात टाकीत जाणारे सगळे खाद्य एका वाटीत काढून तोलायचे ठरले. तेव्हा कळले की सकाळी तो घालतो, दुपारी भावजय घालते आणि संध्याकाळी शाळेतून आल्यावर पोर घालते. प्रत्येकाची एकच चिमूट. तिन्ही मिळून दीड ग्रॅम.

आता हिशेब करू. तो सातवीच्या मुलालाही जमेल. माशांच्या कोरड्या खाद्यात साधारण एक टक्का फॉस्फरस असतो. एक ग्रॅम खाद्यात दहा मिलिग्रॅम फॉस्फरस, आणि त्याचे फॉस्फेट होते सुमारे तीस मिलिग्रॅम. तीनशे लिटरमध्ये तीस मिलिग्रॅम म्हणजे लिटरला ०.१. रोज दीड ग्रॅम धरले तर आठवड्याला सुमारे तीनशे मिलिग्रॅम फॉस्फेट टाकीत उतरते. ते सगळे पाण्यातच राहिले असते तर आकडा दर आठवड्याला एकाने वाढला असता. तसे होत नाही. काही माशांच्या अंगी लागते, काही जिवाणू घेतात, काही फेस काढणाऱ्या स्किमरमधून बाहेर पडते. पण बराच मोठा वाटा शेवाळ खाते. म्हणूनच कधी कधी चाचणीत फॉस्फेट कमी दिसते आणि काच मात्र हिरवीगार असते. चाचणी फक्त पाण्यात विरघळलेले मोजते. शेवाळाच्या पोटात गेलेले तिला दिसत नाही.

"मी दर जुम्याला दहा टक्के पाणी बदलतो ना," भावाचे म्हणणे. बदलू दे, पाणी बदलणे चांगलेच आहे. पण हिशेब पाहा. ०.३ च्या पाण्यात एकूण नव्वद मिलिग्रॅम फॉस्फेट असते. दहा टक्के पाणी काढले की नऊ मिलिग्रॅम जाते. आठवड्याची आवक तीनशे आणि पाणी बदलून होणारी जावक नऊ. अशा घराचा खर्च बाटली विकत घेऊन कसा भागणार?

आवकेच्या आणखी एक-दोन वाटा आहेत. टाकीतले पाणी उडते, ते रोज भरून काढावे लागते. नळाच्या पाण्यात फॉस्फेट असू शकते. काही शहरांत नळ गंजू नयेत म्हणून ते मुद्दाम थोडे घालतात. म्हणून आरओच्या पुढे डीआयची नळकांडी लावून गाळलेले पाणीच वापरावे, आणि तेही अधूनमधून तपासावे. बर्फातले कोळंबीचे चौकोन वितळवून, धुऊन घालावेत असा सल्ला सगळे देतात. धुवायला हरकत नाही, पण त्याने फार फरक पडत नाही. फॉस्फेट मुख्यतः कोळंबीच्या अंगातच असते, धुतलेल्या पाण्यात थोडेच जाते. सोप्या उपायाने मनाला समाधान मिळते आणि कठीण उपाय, म्हणजे कमी घालणे, मागे राहतो.

भावाने खाद्य ०.६ ग्रॅमवर आणले. रोज तोलून, एकाच हाताने. मासे उपाशी मेले नाहीत. उलट आधी तळाशी कुजायचे ते आता संपते. पण पहिले दोन आठवडे आकडा जागचा हलला नाही आणि मला पुन्हा बोलणी बसली. याचे कारण खडकात आहे. टाकीतला खडक आणि वाळू चुन्याची असते आणि चुना फॉस्फेट धरून ठेवतो. पाण्यातले कमी झाले की खडकातले हळूहळू बाहेर येते. कोकणात ज्यांची घरे आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. पावसात भिंतीत ओल मुरली की वरून रंग काढून भागत नाही. चार दिवस भिंत छान दिसते, मग डाग परत येतो. वर्षानुवर्षे मुरलेले फॉस्फेट निघायला महिने लागतात. एका रात्रीत शून्य करणारी बाटली पाण्याला शून्य करते, खडकाला नाही.

आणि समजा खरेच शून्य झाले, तर? माझा खरा आक्षेप इथे आहे. प्रवाळाच्या पेशींत अतिसूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि प्रवाळाला देते. प्रवाळाचा रंग बराचसा त्याच्यामुळे असतो. त्या शैवालाला जगायला फॉस्फेट लागते. ब्रिटनमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या यॉर्ग विडेनमान यांच्या गटाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवले, की पाण्यात नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट मात्र अपुरे अशी स्थिती असेल, तर उष्णता आणि प्रखर प्रकाश यांपुढे प्रवाळ लवकर हार मानतात आणि पांढरे पडतात. म्हणजे उपासमारही मारते. टाकी पाळणाऱ्यांचा अनुभव त्याला धरूनच आहे. फॉस्फेट फार खाली गेले की प्रवाळ फिके पडतात, आणि कित्येकदा तपकिरी, बुडबुड्यांचा चिकट थर सगळीकडे पसरतो. तो डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्मजीवांचा. तो घालवण्यापेक्षा हिरवे शेवाळ परवडले, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात.

बाटल्यांमधली द्रव्ये वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. लोहाच्या ऑक्साइडचे दाणे फॉस्फेट धरून ठेवतात आणि ते कामाचे आहेत. पण मात्रा जास्त झाली की आकडा झटक्यात पडतो आणि सवय झालेल्या प्रवाळांच्या अंगावरची त्वचा सुटू लागते. लँथेनम क्लोराइड फॉस्फेटला पांढऱ्या गाळात बदलते. तो गाळ बारीक गाळणीत अडवला नाही तर पाणी दुधाळ होते आणि माशांच्या कल्ल्यांना त्रास होऊ शकतो. ही औषधे आहेत. ती मात्रेने, सावकाश, आणि पथ्य पाळल्यावर घ्यायची असतात. पथ्य सोडून औषध वाढवणारा रोगी आपण आपापल्या घरात पाहिलेला असतोच.

एका उपायाबद्दल मला भावाने खास विचारले, कारण त्याला दुसऱ्या कुणाला विचारायची लाज वाटत होती. टाकीत रोज काही थेंब व्होडका टाकायची पद्धत आहे. त्यावर जिवाणू वाढतात, ते नायट्रेट आणि फॉस्फेट खातात आणि फेसाबरोबर बाहेर पडतात. घरात बाटली आणावी का? मी मुफ्ती नाही, फतवा देणार नाही. पण सिरका, म्हणजे साधे व्हिनेगर, हेच काम करते आणि ते स्वयंपाकघरात असतेच. मग प्रश्न उरतो कुठे? फक्त ध्यानात ठेवावे की या पद्धतीने नायट्रेट जास्त आणि फॉस्फेट बेताचेच कमी होते. फॉस्फेट वाढले म्हणून सिरका ओतत गेलो तर नायट्रेट तळाला जाईल आणि फॉस्फेट तिथेच राहील.

माझ्याविरुद्ध एक मुद्दा नेहमी मांडला जातो. काही टाक्यांत फॉस्फेट ०.२ च्या वर असूनही प्रवाळ सुंदर वाढतात. मग आकड्यांच्या मागे कशाला लागायचे? प्रवाळाकडे बघावे, यंत्राकडे नाही. यात तथ्य आहे. समुद्रही सगळीकडे एकसारखा नाही. भावाच्याच ओमानमध्ये, दक्षिणेला धोफारच्या किनाऱ्यावर, मान्सूनच्या वाऱ्यांनी खोल समुद्रातले थंड, फॉस्फेटने भरलेले पाणी वर येते. त्या महिन्यांत तिथल्या खडकांवर मोठमोठी तपकिरी समुद्रशैवाले उगवतात आणि मोसम संपला की मरून जातात. प्रवाळे त्याच परिसरात टिकून आहेत. पण तिथे मोसम संपतो. वारा फिरतो, पाणी बदलते. दिवाणखान्यातल्या टाकीत मोसम संपवणारे कुणी नसते, चिमूट बाराही महिने चालू असते. म्हणून मी आकडा पाहायला सांगते. एका दिवसाच्या आकड्याला मी महत्त्व देत नाही. तो चढतो आहे की उतरतो आहे, आणि किती वेगाने, हे वहीत दिसले पाहिजे. ०.१५ वर वर्षभर स्थिर असलेली टाकी मला चालेल. सोमवारी ०.३ आणि मंगळवारी शून्य असलेली चालणार नाही.

मरजान हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी सूरह रहमानमध्ये ऐकलेला असतो. उर्दूत त्याचा अर्थ प्रवाळ. त्याच सूरहच्या सुरुवातीला मीजान, म्हणजे तराजू, हा शब्द लागोपाठ तीन आयतींत येतो. तिथे तोलात अतिरेक करण्याला मनाई आहे आणि तोल घटवण्यालाही. मला कुराणात रसायनशास्त्र शोधायचे नाही. ती सवय मला पटत नाही. त्याने शास्त्राचे भले होत नाही आणि श्रद्धेचेही नाही. पण रोज ही सूरह वाचणाऱ्या माणसाने इतके तरी शिकावे, की तराजूला दोन पारडी असतात. जास्त घालणे हा इस्राफ आहे हे आपल्याला लगेच कळते. शून्याचा हट्ट हाही तोल बिघडवणेच आहे, हे कळायला वेळ लागतो.

भावाच्या टाकीचा आकडा आता ०.१९ आहे. तिसऱ्या आठवड्यापासून तो उतरू लागला. शेवाळ हाताने उपटून काढणे चालू आहे. खालच्या पेटीत दिवा लावून कीटोमॉर्फा नावाचे तारेसारखे शैवाल वाढवले आहे. ते फॉस्फेट खाऊन वाढते आणि दर पंधरवड्याला मूठभर काढून टाकता येते. चौथ्या आठवड्यापासून लोहाचे दाणेही घातले, सांगितलेल्या मात्रेच्या पाव हिश्शाने. फांद्यांचे एक प्रवाळ टोकांना पांढरे झाले होते. ते सावरेल की नाही, आज सांगता येत नाही. मागवलेली बाटली न उघडता पडून आहे आणि तिचे पैसे वाया गेले म्हणून तो अजून अधूनमधून टोमणे मारतो.

ज्यांना अशी टाकी घ्यायची आहे, त्यांना माझे सांगणे इतकेच. आखातात असाल किंवा जिथे कायदा परवानगी देतो तिथे असाल, तर तुकडा कृत्रिम वाढवलेल्या प्रवाळाचा घ्या. टाकीच्या आधी छोटा काटा आणि फॉस्फेटची चाचणी घ्या. काही मापक यंत्रे फॉस्फेट दाखवत नाहीत, फॉस्फरस दाखवतात. तो आकडा साधारण तिपटीने गुणावा लागतो, हे दुकानात विचारून घ्या. खाद्य घालणारा हात घरात एकच ठरवा. मुलांना हौस असेल तर तोलायचे काम त्यांना द्या, ओतायचे नको. दर आठवड्याला आकडा वहीत लिहा. आणि हे वर्षानुवर्षे करायचा कंटाळा येणार असेल, तर काचेचा तो सुंदर डबा दुकानातच राहू द्या. मांजराला भूक लागली तर ते पायात घोटाळते, बकरी ओरडते. प्रवाळाला आवाज नाही. त्याची तक्रार आपल्याला फक्त त्या वहीत वाचता येते.